हॉटेलचं बिल आणि दोन खजूर

मागच्या महिन्यात आम्ही नऊ शिक्षक परतूरहून मंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका ढाब्यावर जेवायला गेलो होतो. दहावीचे पेपर तपासून झाले होते, एवढंच निमित्त. सहा जणांनी मटण हंडी मागवली. दोघे माळकरी, त्यांनी शेवभाजी आणि भाकरी घेतली. नववा आमच्यातला सर्वात धाकटा, वर्षभरापूर्वी लागलेला शिक्षणसेवक. ‘घरून खाऊन आलोय सर’ म्हणत त्याने नव्वद रुपयांची दाल-खिचडी घेतली. बिल आलं २,९७० रुपये. एका सरांनी मोबाईलवर भागाकार केला आणि जाहीर केलं, “तीनशे तीस पर हेड!” सगळ्यांनी फोन काढले. धाकटा माझ्या शेजारीच बसला होता. पैसे पाठवण्याआधी त्याने बॅलन्स पाहिला, ते मला दिसलं.

मी काही बोललो नाही. बोलायला हवं होतं, हे घरी आल्यावर लक्षात आलं. मग आठ-दहा दिवस हाच विषय डोक्यात राहिला. एकत्र खाल्लेल्याचे पैसे माणसं कसे वाटून घेत आली, याचा माग काढत गेलो. त्यात जे हाती लागलं ते इथे मांडतो.

पहिली गंमत नावाची. इंग्रजीत बिल वाटून घेण्याला डच पद्धत म्हणतात. तुर्की माणूस तीच पद्धत जर्मनांच्या नावावर खपवतो. इटलीत तिला रोमची पद्धत म्हणतात, म्हणजे घरातलंच एक शहर धरलं. आपल्याकडे ‘टीटीएमएम’, तुझं तू माझं मी. आणि त्याचं खापर बिनदिक्कत पुण्यावर फोडलं जातं. या नावाचा मराठी सिनेमाही २०१७ मध्ये येऊन गेला. पैसे वाटून घ्यायचे सगळ्यांनाच असतात, पण ही सवय आपली आहे हे कबूल करायला कुणी तयार नाही. यजमानाने खिशात हात घालावा आणि पाहुण्याने ‘अरे, तकल्लुफ कशाला’ म्हणत त्याचा हात धरावा, हे चित्र सगळ्यांना आवडतं. परतूरच्या कोणत्याही हॉटेलच्या गल्ल्यापाशी ही झटापट रोज पाहायला मिळते.

मीही असंच समजत होतो की वाटून घेणं ही नवी, शहरी गोष्ट आहे. पण इमाम बुखारी (मृत्यू इ. स. ८७०) यांच्या हदीससंग्रहात भागीदारीवरचं एक स्वतंत्र प्रकरण आहे आणि त्याची सुरुवातच अन्नाच्या भागीदारीने होते. अरबीत तिला ‘नह्द’ म्हणतात. प्रवासाला निघालेल्या सोबत्यांनी सारखी सारखी वर्गणी काढायची आणि एकत्र खायचं. यात कुणी कमी खाणार, कुणी जास्त, हे उघड आहे. लोक त्यात वावगं मानत नव्हते, असं बुखारी प्रकरणाच्या मथळ्यातच नोंदवतात. म्हणजे आमच्या ‘पर हेड’वाल्या सरांना साडेअकराशे वर्षं जुना आधार सापडला म्हणायचा!

पण तेच प्रकरण पुढे वाचत गेलो की सरांची अडचण होते. अबू उबैदा यांच्या हाताखाली तीनशे माणसांची तुकडी समुद्रकिनाऱ्याकडे निघाली होती. वाटेत शिधा संपत आला. त्यांनी सगळ्यांजवळचं जे काही होतं ते एकत्र करायला लावलं. दोन पिशव्या खजूर निघाले. त्यातून रोज थोडं थोडं वाटलं गेलं, शेवटी माणशी दिवसाला एक खजूर. दुसरी हकिकत अशअरी जमातीची. मोहिमेवर किंवा मदिनेत घरी अन्न कमी पडलं की हे लोक ज्याच्याकडे जे असेल ते एका कापडावर ओतायचे आणि एकाच भांड्याने मोजून सगळ्यांना सारखं द्यायचे. पैगंबरांनी त्यांच्याविषयी फार आपुलकीने उद्गार काढल्याचं तिथे नोंदलेलं आहे.

आता या दोन हकिकती आमच्या ढाब्याशेजारी ठेवून पाहा. तिथे देणं कमी-जास्त होतं आणि खाणं सारखं. आमच्या टेबलावर खाणं कमी-जास्त होतं आणि देणं सारखं. हिशोब दोन्हीकडे आहे, फक्त उलटा.

तिसरी नोंद मला सगळ्यात जवळची वाटते. मदिनेत दुष्काळ पडला होता, तेव्हा इब्न झुबैर लोकांना खजूर पुरवत. माणसं खात बसलेली असताना इब्न उमर तिथून जायचे आणि बजावायचे की, सोबत्याची परवानगी घेतल्याशिवाय कुणी दोन-दोन खजूर एकदम तोंडात टाकू नका. पैगंबरांनी ते मना केलं होतं. सामाईक अन्नात जास्त घ्यायचंच असेल तर शेजाऱ्याला विचारा, इतकी साधी गोष्ट. पण शेजाऱ्याने ‘घ्या की’ म्हणणं आणि शेजारी लाजेकाजेस्तव गप्प बसणं यात फरक आहे. त्या रात्री माझ्या शेजारचा गप्प बसला होता.

मराठीत यासाठी शब्द आहे, ‘पंक्तिप्रपंच’. एकाच पंगतीत एकाला तुपाची धार आणि दुसऱ्याला नुसता वरणाचा थेंब, असं वाढणं म्हणजे पंक्तिप्रपंच, आणि ते वाईट मानलं जाई. मात्र त्या पंगतीत बसायचं कुणी, हे आधीच ठरलेलं असे. आतल्यांना सारखं वाढायचं आणि बाहेरच्यांना दारातून. म्हणून आपल्याकडे बिलाचा इतिहास बिलापासून सुरू होत नाही, तो टेबलापासून सुरू होतो. एकत्र बसल्याशिवाय वाटणार काय?

या टेबलाची सर्वात गाजलेली हकिकत पुण्याची. ऑक्टोबर १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये शहरातली बडी मंडळी जमली. न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते. मिशनने चहा-बिस्किटं पुढे केली. कुणी घेतली, कुणी नुसता कपाला हात लावला. आनंदीबाई जोशींचे पती गोपाळराव जोशी यांनी हजर असलेल्यांची नावं ‘पुणे वैभव’ या पत्रातून जाहीर करवली आणि गावात वणवा पेटला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशी झाली. काशीला घेतलेल्या प्रायश्चित्ताचा दाखला टिळकांनी दिला. रानड्यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतलं आणि त्यांचे सुधारक मित्र त्यांच्यावर नाराज झाले. इतिहासात याला चहा ग्रामण्य म्हणतात. चहाचे पैसे मिशनने दिले होते, पाहुण्यांना एक पैही पडली नाही. तरी त्या कपाचं बिल त्यांना दोन वर्षं पुरलं.

ही झाली वरच्या वर्गाची गोष्ट. सामान्य माणसाला तर रेल्वे स्टेशनावरच कळायचं की टेबल कुणाचं आहे. आमच्या परतूरवरून जाणारी मनमाड-हैदराबाद लाईन निजामाच्या काळातली. त्या काळात देशभरातल्या स्टेशनांवर ‘हिंदू पाणी’, ‘मुसलमान पाणी’ अशा वेगवेगळ्या हाका असत. तहान एक, माठ दोन. आणि ज्याला दोन्ही माठांपाशी उभं राहता येत नव्हतं, त्याचं काय?

त्याचं उत्तर कोल्हापुरात सापडतं. शाहू महाराजांच्या पदरी गंगाराम कांबळे नावाचा दलित नोकर होता. पाण्याच्या हौदाला शिवला म्हणून त्याला मार बसला. महाराजांनी मारणाऱ्यांना शासन केलं, पण तेवढ्यावर थांबले नाहीत. गंगारामला पैसे देऊन चहाचं हॉटेल काढून दिलं. त्याचं नाव ‘सत्यसुधारक’. सुरुवातीला गिऱ्हाईक येईना. तेव्हा महाराज स्वतः तिथे गाडी थांबवून चहा प्यायचे, सोबतच्या सरदार-अधिकाऱ्यांनाही पाजायचे. राजाने घेतल्यावर सोबतचे नाही कसं म्हणतील? १९२२ मध्ये महाराज वारले, त्याच्या आधीच्या काही वर्षांतली ही गोष्ट. इथे बिल कोण देतो याला फार मोठा अर्थ होता. गंगारामच्या गल्ल्यात पडलेला प्रत्येक आणा म्हणजे ‘मी तुझ्या हातचं घेतलं’ याची पावती होती. अशा वेळी फुकट पाजणं सोपं असतं, पैसे देऊन पिणं अवघड.

पुढे २६ जानेवारी १९५० पासून लागू झालेल्या घटनेच्या कलम १५ मध्ये दुकानं, उपाहारगृहं आणि हॉटेलं यांची नावं घेऊन सांगितलं गेलं की धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यावरून कुणाला तिथे अडवता येणार नाही. १९५५ च्या अस्पृश्यतेविरुद्धच्या कायद्याने त्याला शिक्षेची जोड दिली. आमच्या नऊ जणांच्या टेबलावर माळकरी होते, मी होतो, बौद्ध सर होते. कुणाला त्यात विशेष वाटलं नाही, आणि वाटू नयेच. फक्त ते टेबल फुकट मिळालेलं नाही, एवढं शाळेत नागरिकशास्त्र शिकवताना मी सांगत असतो.

हॉटेल बाजूला ठेवलं, तर वाटून घेण्याच्या देशी रीती किती बारकाईच्या होत्या! आमच्या भागात चार-पाच घरं मिळून बोकड घेतात आणि वाटे घालतात. प्रत्येक वाट्यात थोडी कलेजी, थोडं हाड, थोडी चरबी आलीच पाहिजे. मग प्रत्येक जण आपली खूण देतो, कुणी काडी, कुणी खडा. ज्याला कुणाची खूण कोणती हे माहीत नाही असं एखादं पोरगं त्या खुणा वाट्यांवर ठेवतं. ज्या घरी माणसं जास्त, ते दोन वाटे घेतात. एकटी म्हातारी अर्धाच घेते आणि अर्ध्याचेच पैसे देते. तिला कुणी ‘पर घर’ सारखे पैसे मागत नाही. अब्बा सांगायचे की वाटे घालणारा स्वतःचा वाटा सगळ्यात शेवटी उचलतो. ही रीत कुणी लिहून ठेवली नव्हती, पण मोडली की गावात चर्चा व्हायची.

खानावळीचा हिशोब याहून सरळ. मुंबईतल्या गिरणी कामगारांना महिन्याच्या बोलीवर जेवू घालणाऱ्या बाया होत्या. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते याच बायांसाठी. तिथे शेजारी बसणाऱ्याचं बिल तुमच्यावर पडत नसे. मी बी.एड.ला औरंगाबादला असताना मेसचं कार्ड असायचं, एका जेवणाला एक फुली. गावी गेलो तर ‘खाडा’ मिळायचा, पण सलग तीन दिवस गैरहजर असलो तरच. खाड्यावरून मेसवाल्या काकूंशी जेवढे वाद घातले तेवढे मी आयुष्यात कुणाशी घातले नसतील.

आणि चहा. खिशात पैसे नसले की माणसं बिल वाटून घेत नाहीत, चहाच वाटून घेतात. मुंबईत कटिंग, आमच्याकडे ‘दोनात तीन’. दोन कप सांगायचे आणि तिसरा रिकामा कप मागायचा. चहावाला तो न बोलता देतो. यात कुणाची परिस्थिती उघडी पडत नाही, कारण तिघांच्याही कपात सारखंच कमी असतं.

मी स्वतः २००७ मध्ये शिक्षणसेवक लागलो. मानधन महिना चार हजार, आणि तेही दोन-तीन महिने लांबायचं. पहिल्याच महिन्यात स्टाफचं जेवण ठरलं. माझ्या वाट्याला एकशे चाळीस आले. मी भात आणि दाल खाल्ली होती. पुढच्या वेळी मी ‘जालन्याला काम आहे’ म्हणून सांगितलं, त्याच्या पुढच्या वेळी ‘पाहुणे आलेत’. तिसऱ्यांदा कुणी विचारलंच नाही. स्टाफमध्ये माझ्याबद्दल एक मत तयार झालं की हा मिसळत नाही. एकाने तर त्याला माझ्या मुसलमान असण्याशी जोडलं. कारण साधं एकशे चाळीस रुपयांचं होतं, पण ते तोंडातून निघालं नाही. परवेजगारीचं नाव मिळालं, ते मी मुकाट्याने घेतलं.

परवा पुढच्या जेवणाचं ठरलं. ग्रुपवर सगळ्यांनी अंगठे दिले. धाकट्याने लिहिलं, ‘सॉरी सर, त्या दिवशी सेलूला काम आहे.’

मी त्यावर लिहिलं की या वेळी हंडीचे पैसे हंडी खाणाऱ्यांत, भाजीचे भाजीवाल्यांत, आणि ज्याने जे सांगितलं ते त्याचं. एका सरांनी ‘टीटीएमएम!’ लिहून हसरे चेहरे टाकले. ‘पर हेड’वाले सर म्हणाले, मित्रांत एवढा हिशोब कशाला. माळकऱ्यांपैकी एकाने मला वेगळा मेसेज केला, ‘बरं केलंत, चार वर्षं मटणाचे पैसे भरतोय.’ मला हसू आलं आणि लाजही वाटली, कारण चार वर्षं त्या हंडीवर मी ताव मारत होतो.

धाकट्याला फोन करणार होतो. मग वाटलं, फोनवर तो ‘खरंच काम आहे सर’ म्हणेल, जसं मी म्हणालो असतो. उद्या मधल्या सुट्टीत चहाला नेतो. दोघंच असू, त्यामुळे दोनात तीनचा प्रश्न नाही. पैसे मी देईन. वयाने मोठा आहे, एवढं तो मान्य करेल.