आपल्याच फौजांनी उजाडलेला मुलूख

परसवाडा आणि बालाघाट परिसरातल्या आम्हा मराठी घरांत इतिहासाचा विषय निघाला की दोन अभिमान शेजारी शेजारी बसतात. एक नागपूरकर भोसल्यांचा, दुसरा थोरल्या माधवराव पेशव्यांचा. भोसले आमचे, कारण १७४३ मध्ये देवगडचे गोंड राज्य त्यांच्या ताब्यात गेले आणि वैनगंगेच्या पश्चिमेचा आपला भाग नागपूरला जोडला गेला. माधवराव आमचे, कारण पानिपतानंतर खचलेली दौलत त्यांनी सावरली. पण याच दोघांच्या फौजांनी एकमेकांचा मुलूख जाळला होता, ही गोष्ट आमच्या बोलण्यात क्वचितच येते.

भाऊबंदकीची ही लढाई काही एका वर्षाची नव्हती. १७६३ मध्ये सेनासाहेब सुभा जानोजी भोसले निजामाला मिळाले आणि त्यांच्या फौजांनी पुणे लुटले, जाळले. त्याच मोहिमेत पेशव्यांचे सैन्य वऱ्हाडात आणि निजामाच्या मुलखात लूट करत होते. ऑगस्टमध्ये राक्षसभुवनच्या लढाईपूर्वी जानोजी पुन्हा पेशव्यांकडे वळले, पण मने जुळली नाहीत. १७६६ च्या आरंभी माधवरावांनी निजामाची मदत घेऊन त्यांच्यावर चाल केली आणि दर्यापूरला तह झाला. तोही टिकला नाही. राघोबादादांनी पुतण्याविरुद्ध उचल खाल्ली, तेव्हा जानोजींचा कल दादांकडे होता. जून १७६८ मध्ये धोडपला दादांचा पाडाव झाला आणि आता पाळी नागपूरची आली.

मराठी फौजा दसऱ्याला सीमोल्लंघन करून निघत. पाऊस सरलेला, नद्या उतरलेल्या, शेतात ज्वारी आणि भात तयार. हजारो घोड्यांना दाणावैरण लागे, ती वाटेवरच्या गावांतून घेतली जाई. मागे पेंढारी असत. म्हणजे लढाई न होताही नुसत्या कूच करण्याने मुलूख उजाड होई.

जानोजी समोरासमोर उभे राहिले नाहीत. कुटुंबकबिला गाविलगडावर ठेवून ते गनिमी काव्याने हुलकावण्या देत राहिले. हाती न लागणाऱ्या शत्रूला वाकवायचे, तर त्याचा मुलूख बसवायचा, हा पेशव्यांचा हिशोब होता. १७६९ च्या सुरुवातीला नागपूर लुटले गेले, जाळले गेले. चांद्याला वेढा पडला. तेव्हा जानोजींनी उलटा डाव टाकला आणि लुटालूट करत पुण्याची वाट धरली. पुण्यातल्या लोकांना सामानसुमान हलवण्याची घाई झाली, पेशव्यांना चांद्याचा वेढा उठवून मागे फिरावे लागले. नागपूर काय, पुणे काय, गाठोडे बांधून पळणारा माणूस मराठीच बोलत होता.

२३ मार्च १७६९ रोजी कनकापूरचा तह झाला. जानोजींनी खंडणी कबूल केली, पेशव्यांच्या संमतीवाचून परराज्यांशी संधान न बांधण्याचे वचन दिले. दोघांचाही मान राहिला. १७७२ मध्ये काही महिन्यांच्या अंतराने दोघेही वारले. जळालेल्या घरांचा उल्लेख तहाच्या कलमांत येत नसतो.

जगात हे इतरत्रही घडले आहे. अमेरिकेच्या यादवी युद्धात १८६४ मध्ये सेनापती शर्मन साठ हजार सैनिक घेऊन अटलांटाहून सव्हानाच्या समुद्रकाठापर्यंत गेला. वाटेतले रेल्वेमार्ग उखडले, कोठारे रिकामी केली. तिथे तो मार्च आजही दोन बाजूंनी सांगितला जातो. आमच्याकडे मात्र बहुतेक एकच बाजू सांगितली जाते, ती सरदारांची.

आपल्या परसवाड्याचा इतिहास याच्या नेमका उलट आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी हे पठार दाट रान होते. त्या सुमारास लछमन नाईक यांनी इथे पहिली गावे वसवली. रान तोडून शेत करणे, पाण्याची सोय करणे, माणसे आणून टिकवणे, या कामाला पिढ्या लागतात. फौजेला गाव उजाड करायला एक रात्र पुरते.

म्हणून आम्हाला वाटते, उत्सवात मुलांना शौर्यकथा जरूर सांगाव्यात. भोसल्यांचा आणि पेशव्यांचा जयजयकारही करावा. पण त्यासोबत १७६९ चे नागपूर आणि १७६३ चे पुणे सांगावे, आणि लछमन नाईकांचे नावही घ्यावे. आपली घरे आज ज्या जमिनीवर उभी आहेत, ती कुणीतरी वसवलेली आहे.