लॅमिंग्टन रोड : खरेदी स्वस्त, पण बिल पक्के हवे

संगणकाचे सुटे भाग आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंची मुंबईतील प्रमुख बाजारपेठ म्हणजे ग्रँट रोड स्थानकाच्या पूर्वेकडील लॅमिंग्टन रोड. १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन यांच्या नावाचा हा रस्ता आता अधिकृतपणे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग म्हणून ओळखला जातो. ग्राहकांच्या तोंडी मात्र जुनेच नाव आहे.

रेझिस्टर, कपॅसिटरपासून मदरबोर्ड, सीसीटीव्ही कॅमेऱ्यापर्यंत सारे काही येथे मिळते. घाऊक व्यापार आणि लागूनच असलेली दुकाने यांमुळे भाव कमी राहतात. चार दुकानांत चौकशी करून घासाघीस करणे हा येथील रिवाजच आहे. रविवारी बहुतांश दुकाने बंद असतात.

अशा बाजारांत 'बिल नको असेल तर आणखी कमी करतो' हे वाक्य हमखास कानी पडते. दहा हजारांच्या संगणक भागावर १८ टक्के दराने १,८०० रुपये जीएसटी होतो. ही रक्कम वाचवताना ग्राहक खरेदीचा पुरावाच गमावतो. वस्तू बिघडल्यास वॉरंटीचा दावा आणि तक्रार दोन्ही लंगडे पडतात. कच्ची चिठ्ठी म्हणजे बिल नव्हे. पक्क्या बिलावर दुकानाचा १५ अंकाक्षरी जीएसटी क्रमांक असतो. महाराष्ट्रात त्याची सुरुवात २७ ने होते. वस्तूचा अनुक्रमांकही बिलावर लिहून घ्यावा.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष वस्तू बिलातील मुदतीत, आणि मुदत नमूद नसल्यास ३० दिवसांत परत घेण्यास नकार देणे हीदेखील तशीच प्रथा ठरते. त्यामुळे 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' या पाटीने सदोष मालाची जबाबदारी टळत नाही.

चार्जर व पॉवर बँकेवर भारतीय मानक ब्यूरोचा 'आर' अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहावा. जुना मोबाइल घेताना *#०६# दाबून आयएमईआय क्रमांक मिळवावा आणि तो चोरीचा नसल्याची खात्री 'संचार साथी' या सरकारी पोर्टलवर करावी.

तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी जिल्हा ग्राहक आयोगात शुल्क लागत नाही. ग्राहकाला आपल्या राहत्या जिल्ह्यातही तक्रार दाखल करता येते.