'सेडिशन': वेगळं चालण्यापासून राजद्रोहापर्यंत

आज आपण एकाच शब्दाच्या मागे जाणार आहोत. शब्द इंग्रजी आहे, 'सेडिशन'. मराठीत त्याला आपण सरळ 'राजद्रोह' म्हणतो. पण दोन्ही शब्दांची मुळं बघितली, तर गंमत लक्षात येते.

'सेडिशन' आला लॅटिन 'सेदितिओ'मधून. 'सेद' म्हणजे अलग, 'इतिओ' म्हणजे जाणं. अलग जाणं, फूट पडणं, एवढाच मूळ अर्थ. आपल्या 'द्रोह'चं तसं नाही. मित्रद्रोह, गुरुद्रोह म्हटलं की घात आलाच. म्हणजे मराठी शब्द वापरला, की खटला उभा राहण्याआधीच निम्मा निकाल लागलेला असतो!

भारतीय दंड संहिता १८६० ची. तिच्यात १२४-अ हे कलम घातलं गेलं १८७० मध्ये. त्याच्या मजकुराचा सगळा भर 'डिसअफेक्शन' या शब्दावर होता. मराठी कायद्याच्या भाषेत 'अप्रीती'. आता अप्रीती म्हणजे नेमकं काय? १८९७ मध्ये 'केसरी'तल्या लिखाणावरून लोकमान्य टिळकांवर मुंबई उच्च न्यायालयात खटला चालला, तेव्हा न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी ज्यूरीला सांगितलं, अप्रीती म्हणजे प्रीतीचा अभाव. बघा, बंड करायला नको, दंगा व्हायला नको. सरकारबद्दल लोकांच्या मनात दुर्भावना जागवली, की गुन्हा झाला. ज्यूरीत सहा युरोपीय आणि तीन भारतीय होते. कौल सहा विरुद्ध तीन असा पडला आणि टिळकांना दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. १९०८ मध्ये याच कलमाखाली त्यांना सहा वर्षं मंडालेला काढावी लागली.

१९२२ मध्ये अहमदाबादच्या न्यायालयात गांधीजींनी नेमक्या याच शब्दावर बोट ठेवलं. प्रीती काही कायद्याने निर्माण करता येत नाही, असं त्यांनी न्यायाधीशांना ऐकवलं. त्यांनाही सहा वर्षांची शिक्षा झाली.

स्वातंत्र्यानंतर राजा गेला, कलम राहिलं. १९६२ च्या केदारनाथ सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवलं, पण त्याला मर्यादा घातली: नुसती कडक टीका गुन्हा नाही; हिंसेला किंवा सार्वजनिक अव्यवस्थेला चिथावणी हवी. मे २०२२ मध्ये न्यायालयाने कलमाचा वापर थांबवला, आणि १ जुलै २०२४ पासून जुनी संहिताच गेली.

नव्या न्याय संहितेच्या कलम १५२ मध्ये 'सेडिशन' नाही, 'अप्रीती'ही नाही. तिथे आहे देशाची एकता, अखंडता आणि फुटीरतेला चिथावणी. म्हणजे शब्द गेला, पण 'अलग जाणं' हा त्याचा जुना लॅटिन अर्थ मात्र परत आला. म्हणून यापुढे कुणावर असा आरोप झाला, की आपण आधी एवढंच विचारू या: हा माणूस देशापासून अलग गेला, की फक्त सरकारपासून?