नॉर्मंडीचा किनारा आणि भरपगारी सुट्टी

पॅरिसहून निघालेली आगगाडी सेन नदीच्या खोऱ्यातून पश्चिमेकडे धावू लागली, की सुमारे दोन तासांत तुम्ही नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर पोहोचता. वाटेत सफरचंदांच्या बागा, झाडांच्या उंच कुंपणांनी वेढलेली कुरणे आणि त्यांत चरणाऱ्या गाई दिसतात. आणि मग एकदम समुद्र येतो. जुलै-ऑगस्टमध्ये इथे गेलात तर कुटुंबेच्या कुटुंबे वाळूत पसरलेली दिसतील. पोरे किल्ले करताहेत, आई छत्रीखाली बसली आहे, बाप डुलकी घेतो आहे. हे दृश्य इतके साधे आहे, की ते पहिल्यापासून असेच असेल असे वाटते. परंतु वाचकहो, तसे नाही. सामान्य माणसाला हा समुद्रकिनारा मिळाला त्याला अजून शंभर वर्षेही झालेली नाहीत.

प्रथम माणसे या समुद्राकडे आली ती मौजेसाठी नव्हेत, औषधासाठी. पिसाळलेले कुत्रे चावले तर रोग्याला समुद्रात तीनदा बुडवून काढावे, असा त्या काळी समज होता. १६७१ साली फ्रेंच दरबारातल्या काही स्त्रियांना याच कारणासाठी दिएप या बंदरात पाठविण्यात आले होते. पुढे दीडशे वर्षांनी, १८२४ मध्ये, राजघराण्यातली बेरीची डचेस दिएपला स्नानासाठी येऊ लागली. ती पाण्यात उतरे तेव्हा वैद्य सोबत असे. राजघराण्यातली बाई आली, म्हणजे मागोमाग सरदार आले, सरदारांमागे सावकार आले. औषधाची फॅशन झाली ती अशी.

मग आली आगगाडी. पॅरिस ते रूआँ हा मार्ग १८४३ मध्ये सुरू झाला, १८४७ मध्ये तो ले हाव्रपर्यंत गेला आणि १८४८ मध्ये दिएपला पोहोचला. त्रूव्हील हे कोळ्यांचे खेडे. तिथे १८६३ साली गाडी आली. पलीकडच्याच दलदलीत आणि वाळूच्या टेकड्यांत तिसऱ्या नेपोलियनचा सावत्रभाऊ मोर्नी याने दोव्हील नावाचे अख्खे शहर वसविले. श्रीमंतांच्या बायकामुले उन्हाळाभर इथे राहत. नवरे पॅरिसमध्ये पेढी सांभाळत आणि शनिवारी गाडीने येत. त्या गाडीला लोकांनी नावच दिले होते, ‘नवऱ्यांची गाडी’! बूदँ या चित्रकाराने त्रूव्हीलच्या वाळूत घोळदार झगे सावरीत बसलेल्या या बायका रंगविल्या आहेत. पोहायला आलेल्या म्हणाव्यात, तर पायसुद्धा भिजलेला नाही.

या जगाचे सर्वांत मर्मभेदी चित्र मार्सेल प्रूस्तने काढले. १९०७ ते १९१४ पर्यंत तो दर उन्हाळ्यात काबूर येथील ग्रँड हॉटेलात उतरत असे. आपल्या कादंबरीत त्याने या गावाला बाल्बेक असे नाव दिले. तिच्या १९१९ साली प्रसिद्ध झालेल्या खंडात एक प्रसंग आहे. रात्री हॉटेलचे भोजनगृह दिव्यांनी झगमगते आहे आणि बाहेर अंधारात गावचे कामकरी आणि कोळी काचेला नाक लावून आतल्या धनिकांकडे पाहत आहेत, जसे आपण मत्स्यालयातल्या माशांकडे पाहतो. ही काच अशीच कायम टिकेल का, हा प्रश्न तिथे प्रूस्तच्या मनात येतो.

काच फुटली ती १९३६ मध्ये. गंमत अशी, की तिला पहिला तडा याच नॉर्मंडीत, ले हाव्र शहरात गेला. ले हाव्रच्या कामगाराला समुद्र काही नवा नव्हता. तो समुद्राकाठीच राहत होता. पण त्याच्यासाठी समुद्र म्हणजे गोदी, ओझी आणि भोंगा. लागूनच असलेल्या सेंत-आद्रेस येथे १८६७ साली क्लोद मोनेने आपल्या घरची मंडळी फुलांनी भरलेल्या गच्चीवर समुद्राकडे पाहत बसलेली रंगविली होती. त्या गच्चीपासून गोदी कितीशी लांब? पण जग वेगळे होते.

१९३६ च्या मे महिन्यात, एक मेच्या संपात भाग घेतला म्हणून ले हाव्रमधील ब्रेगे विमान कारखान्यातल्या दोन कामगारांना काढून टाकण्यात आले. ११ मे रोजी बाकीच्यांनी काम थांबविले आणि ते कारखान्यातच ठाण मांडून बसले. हे लोण देशभर पसरले. जूनमध्ये लेओं ब्लूम यांचे लोकआघाडीचे सरकार सत्तेवर आले आणि २० जूनच्या कायद्याने प्रत्येक पगारी नोकराला वर्षातून पंधरा दिवसांची भरपगारी सुट्टी मिळाली. त्यांत कामाचे दिवस बारा.

आता सुट्टी मिळाली खरी, पण जायचे कसे? गाडीभाडे कुठून आणायचे? लेओ लाग्रांज या तरुण उपमंत्र्याने रेल्वेकडून कामगारांसाठी चाळीस टक्के सवलतीचे तिकीट मिळविले. त्या पहिल्या उन्हाळ्यात सुमारे सहा लाख माणसे या तिकिटावर प्रवासाला निघाली. कोणी सायकलींवर, कोणी पाठीला तंबू बांधून. पुष्कळ जण आपल्या आजोळी, खेड्यातच गेले. किनाऱ्यावर पोहोचलेल्यांपैकी कित्येकांनी जन्मात प्रथमच समुद्र पाहिला. काही वृत्तपत्रांनी या टोपीवाल्या पाहुण्यांची शेलक्या शब्दांत टिंगल केली. समुद्र सर्वांना पुरतो. पण किनाऱ्यावर शेजारी कोण बसतो हे काहींना सोसत नव्हते.

हे सुख चारच उन्हाळे टिकले. १९४० साली जर्मन फौजा आल्या. वाळूत सुरुंग पेरले गेले, काटेरी तारा आल्या. इथे एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९४२ मध्ये बीबीसीने आपल्या श्रोत्यांना आवाहन केले, की युरोपच्या किनाऱ्यावर सुट्टीत काढलेली छायाचित्रे आणि पोस्टकार्डे पाठवून द्या. घरोघरच्या आल्बमांतली चित्रे ढिगांनी जमा झाली. मुलामागे दिसणारा उतार, बायकोमागे दिसणारी भिंत यांवरून लष्करी तज्ज्ञांनी किनाऱ्यांचा अभ्यास केला. ६ जून १९४४ रोजी दोस्त सैन्य जिथे उतरले ती आरोमांश, कूर्सल, विस्त्रेआम ही सारी स्नानाचीच गावे होती. त्या उन्हाळ्यात सुमारे वीस हजार नॉर्मन नागरिक प्राणाला मुकले. आरोमांशच्या तात्पुरत्या बंदराचे काँक्रीटचे ठोकळे ओहोटीला आजही उघडे पडतात आणि त्यांच्या आसपास मुले शिंपले वेचतात.

युद्धानंतर सुट्टी वाढत गेली. १९५६ मध्ये तीन आठवडे, १९६९ मध्ये चार, १९८२ मध्ये पाच. किनाऱ्यावरची हॉटेले सर्वांना परवडणारी नव्हती, म्हणून शहरी कुटुंबे आतल्या खेड्यांकडे वळली. शेतकऱ्याने रिकामे घर दुरुस्त करून आठवड्याच्या भाड्याने द्यावे, ही ‘जीत’ची योजना १९५१ पासून फ्रान्समध्ये सुरू झाली आणि १९५५ मध्ये तिची देशव्यापी संघटना झाली. शहरवाल्याला स्वस्तात निवारा, शेतकऱ्याला चार पैसे. पाहुणे सफरचंदाची साइडर पितात, कामाम्बेर चीज खातात, दुपारी समुद्रावर जाऊन येतात. घरधनी मात्र सकाळ-संध्याकाळ धारा काढीत असतो. भरपगारी सुट्टीचा कायदा नोकरदारांसाठी होता. शेतकऱ्याला पगार कोण देणार, आणि गाईंना रविवार कुठला?

हा विषय आपल्यापासून फार दूरचा आहे असे समजू नका. त्याच जून १९३६ मध्ये जिनिव्हा येथे आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेने वर्षातून निदान सहा दिवसांच्या भरपगारी सुट्टीचा करार मंजूर केला. मुंबईचा गिरणीकामगार शिमग्या-गणपतीला कोकणात जाई, तेव्हा त्याचे ते दिवस बहुधा बिनपगारी जात. १९४८ च्या फॅक्टरी कायद्याने वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस भरपगारी रजा त्याच्या पदरात टाकली.

आणि फ्रान्समध्ये तरी सगळे किनाऱ्यावर पोहोचले का? नाही. १९७९ पासून तिथली ‘सेकूर पॉप्युलेर’ ही संस्था उन्हाळ्याच्या शेवटी, सुट्टीत कुठेच जाऊ न शकलेल्या मुलांना बसगाड्यांत भरून एक दिवस समुद्रावर नेते. पॅरिसच्या उपनगरांतली मुले पुष्कळदा या नॉर्मंडीच्याच वाळूवर उतरतात. कायदा दिवस देतो, गाडीभाडे देतोच असे नाही. लाग्रांजला हे १९३६ मध्येच कळले होते. म्हणून त्याने कायद्याच्या पाठोपाठ तिकीट छापले. त्या कायद्याइतकेच ते तिकीटही आपण लक्षात ठेवले पाहिजे.