इन्फिनिटिव्ह आणि जेरंड (इंग्रजी व्याकरण)

इन्फिनिटिव्ह आणि जेरंड ही इंग्रजी क्रियापदाची काळ व पुरुष न दाखवणारी दोन रूपे आहेत. ‘गो’ या धातूचे इन्फिनिटिव्ह ‘टू गो’ आणि जेरंड ‘गोइंग’ असे होते. दोन्ही रूपे वाक्यात बहुधा नामाचे काम करतात आणि मराठीत दोहोंचा अर्थ ‘जाणे’ असाच दिला जातो. मराठी व्याकरणाच्या परिभाषेत इन्फिनिटिव्हला हेत्वर्थक धातुसाधित आणि जेरंडला धातुसाधित नाम म्हणता येईल. मात्र ही नावे दोन्ही रूपांचे सर्व उपयोग व्यापत नाहीत. कोणत्या क्रियापदापुढे कोणते रूप यावे याचा निर्णय हा मराठी भाषकांना इंग्रजी शिकताना सर्वाधिक अडणाऱ्या विषयांपैकी एक आहे. या लेखातील इंग्रजी उदाहरणे देवनागरीत दिली आहेत.

व्युत्पत्ती आणि इतिहास

‘इन्फिनिटिव्ह’ हे नाव ‘अमर्यादित’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आले आहे. पुरुष, वचन व काळ यांची मर्यादा नसलेले रूप, असा त्याचा आशय आहे. ‘जेरंड’ हे नाव ‘गेरुन्दिउम’ या लॅटिन व्याकरणातील संज्ञेवरून आले.

प्राचीन इंग्रजीत इन्फिनिटिव्ह हे ‘-अन’ प्रत्यय लागून होत असे आणि हेतू दाखवण्यासाठी ‘टो’ या शब्दयोगी शब्दापुढे त्याचे वेगळे विभक्तिरूप येत असे. मध्ययुगात हे अंत्य प्रत्यय झिजले आणि ‘टू’ हा शब्द रूपाची खूण म्हणून उरला. ‘टू’चा मूळ अर्थ ‘कडे’ असा दिशादर्शक आहे. जेरंडचा ‘-इंग’ हा प्रत्यय क्रियेपासून नाम बनवणाऱ्या जुन्या प्रत्ययातून आला आहे. पुढे वर्तमानकालवाचक विशेषणाचे रूपही ‘-इंग’ असेच झाल्याने दोन भिन्न उगमांची रूपे आज सारखीच दिसतात. रॉडनी हडलस्टन आणि जेफ्री पुलम यांच्या ‘द केंब्रिज ग्रामर ऑफ द इंग्लिश लँग्वेज’ (2002) या ग्रंथात या दोहोंना वेगळे न मानता ‘जेरंड-पार्टिसिपल’ असे एकच नाव दिले आहे. शालेय व्याकरणात मात्र जुना भेद कायम आहे.

मराठीतील समांतर रूपे

इंग्रजीतील दोन रूपांच्या जागी मराठीत अनेक कृदन्त रूपे आहेत. ‘जा’ या धातूपासून जाणे, जाऊ, जायला, जायचे, जाण्यास, जाण्यासाठी, जाण्याचा, गेल्याचे, जाऊन ही रूपे होतात. ‘जाऊ’मधील ‘-ऊ’चा संबंध संस्कृतातील ‘तुमुन्’ प्रत्ययाशी, तर ‘-णे’चा संबंध ‘गमन’, ‘करण’ यांतील ‘-अन’शी जोडला जातो. ‘जायला’ हे रूप ‘जावयाला’चे संक्षिप्त रूप असून त्यातील ‘ला’ हा चतुर्थीचा प्रत्यय आहे. त्यामुळे ‘टू गो’ आणि ‘जायला’ यांची घडण मुळात सारखी ठरते: दोन्हींत दिशा किंवा उद्देश दाखवणारी खूण क्रियेला जोडली आहे.

तरीही ‘टू’ म्हणजे ‘-णे’ असे समीकरण रूढ झाले. मोल्सवर्थच्या मराठी–इंग्रजी कोशात (1831) क्रियापदांच्या नोंदी ‘-णें’ रूपात असून त्यांचा अर्थ इंग्रजी इन्फिनिटिव्हने दिला आहे. पुढील कोशांनीही बहुधा हीच पद्धत ठेवली. कोशातील नोंदीसाठी ती सोयीची असली, तरी वाक्यरचनेत ती दिशाभूल करते, कारण ‘-णे’ हे रूप जेरंडचाही अर्थ तितक्याच सहजपणे देते. मराठी कृदन्तांचे शास्त्रीय विवेचन मोरो केशव दामले यांच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ (1911) या ग्रंथात आढळते.

हिंदीतील ‘जाना’ आणि गुजरातीतील ‘जवुं’ ही रूपेही अशीच दुहेरी कामाची आहेत. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर यांसारख्या मुंबईच्या उपनगरांत मराठी, हिंदी व गुजराती घरांतील मुले शेजारी राहतात आणि अनेकदा एकाच इंग्रजी वर्गात बसतात. घरची भाषा वेगळी असूनही या विषयात त्यांच्या चुका बऱ्याच अंशी सारख्या असतात, त्याचे एक कारण हेच आहे.

वाक्यातील स्थान

कर्ता म्हणून. कर्त्याच्या जागी जेरंड अधिक स्वाभाविक असते. ‘बोर्डिंग अ रनिंग ट्रेन इज डेंजरस’ (धावत्या गाडीत चढणे धोकादायक आहे) या वाक्यात ‘बोर्डिंग’ हे जेरंड आहे, तर ‘रनिंग’ हे गाडीचे विशेषण आहे. मराठीत हा फरक ‘चढणे’ आणि ‘धावती’ या वेगळ्या रूपांनी आपोआप दिसतो. इन्फिनिटिव्ह कर्ता असल्यास तो सहसा वाक्याच्या शेवटी जातो आणि आरंभी ‘इट’ येते: ‘इट इज डेंजरस टू बोर्ड अ रनिंग ट्रेन’.

शब्दयोगी शब्दानंतर. इंग्रजीत प्रेपोझिशननंतर क्रियापद आले तर ते जेरंड रूपात येते. ‘जाण्यापूर्वी’ म्हणजे ‘बिफोर गोइंग’, ‘जाण्याऐवजी’ म्हणजे ‘इन्स्टेड ऑफ गोइंग’, ‘न सांगता’ म्हणजे ‘विदाउट टेलिंग’. मराठीत जिथे ‘-ण्या’ या सामान्यरूपाला शब्दयोगी अव्यय लागते, तिथे इंग्रजीत बहुधा जेरंड येते. याला मुख्य अपवाद हेतूचा आहे. ‘इंग्रजी शिकण्यासाठी तो दादरला जातो’ याचे भाषांतर ‘ही गोज टू दादर टू लर्न इंग्लिश’ असे होते; येथे ‘फॉर लर्न’ हे सर्वस्वी चूक आहे आणि ‘फॉर लर्निंग’ही प्रमाण इंग्रजीत खटकते.

विशेषणानंतर. ‘ईझी टू रीड’ (वाचायला सोपे), ‘रेडी टू लीव्ह’ (निघायला तयार) अशा रचनांत इन्फिनिटिव्ह येते. मराठीतील ‘-ायला’ हे रूप येथे अचूक मार्गदर्शन करते.

‘टू’शिवाय इन्फिनिटिव्ह. ‘कॅन’, ‘मस्ट’, ‘शुड’ यांसारख्या साहाय्यक क्रियापदांनंतर, तसेच ‘लेट’ आणि ‘मेक’ यांच्यानंतर ‘टू’ गळतो: ‘लेट हिम गो’ (त्याला जाऊ दे). कर्मणी प्रयोगात मात्र ‘मेक’नंतर ‘टू’ परत येतो: ‘ही वॉज मेड टू वेट’ (त्याला थांबायला लावले). ‘हेल्प’नंतर दोन्ही रूपे चालतात.

क्रियापदानुसार निवड

काही क्रियापदांनंतर इन्फिनिटिव्हच येते: वॉन्ट, होप, डिसाइड, प्रॉमिस, रिफ्यूज, ॲग्री, ऑफर, मॅनेज, अफोर्ड, प्रिटेन्ड. काहींनंतर जेरंडच येते: एन्जॉय, अव्हॉइड, फिनिश, डिनाय, सजेस्ट, पोस्टपोन, कीप, गिव्ह अप, रिस्क, इमॅजिन. ‘बिगिन’, ‘स्टार्ट’, ‘लाइक’, ‘कंटिन्यू’ यांच्यानंतर दोन्ही रूपे येऊ शकतात आणि अर्थात फारसा फरक पडत नाही.

सर्वसाधारणपणे, अजून न घडलेल्या आणि पुढे करायच्या क्रियेसाठी इन्फिनिटिव्ह व घडलेल्या किंवा अनुभवलेल्या क्रियेसाठी जेरंड असा कल दिसतो. ‘टू’च्या मूळ दिशादर्शक अर्थाशी तो सुसंगत आहे. परंतु हा नियम नाही. ‘सजेस्ट’ आणि ‘पोस्टपोन’ ही क्रियापदे भावी क्रियेविषयी असूनही जेरंड घेतात, तर ‘मॅनेज’ हे साध्य झालेल्या क्रियेविषयी असूनही इन्फिनिटिव्ह घेते. अशी क्रियापदे लक्षातच ठेवावी लागतात.

एकाच भावाच्या दोन मराठी रचना लक्षात घेतल्यास हा कल स्पष्ट होतो:

• येण्यास नकार दिला – ‘रिफ्यूज्ड टू कम’. आल्याचे नाकारले – ‘डिनाइड कमिंग’.
• पैसे देण्याचे कबूल केले – ‘ॲग्रीड टू पे’; पैसे घेतल्याचे कबूल केले – ‘ॲडमिटेड टेकिंग मनी’.

‘आल्याचे’, ‘घेतल्याचे’ ही ‘-ल्याचे’ प्रत्ययान्त रूपे घडून गेलेल्या गोष्टीकडे निर्देश करतात आणि त्यांच्या जागी इंग्रजीत जेरंड येते. ‘येण्यास’, ‘यायला’, ‘देण्याचे’ ही रूपे पुढील क्रियेकडे पाहतात आणि त्यांच्या जागी बहुधा इन्फिनिटिव्ह येते.

अर्थ बदलणारी क्रियापदे

काही क्रियापदांनंतर दोन्ही रूपे व्याकरणदृष्ट्या शुद्ध असतात, पण अर्थ वेगळा होतो. येथील चूक व्याकरणाची नसल्यामुळे ऐकणाऱ्याच्या लक्षात येत नाही. रुग्णाने डॉक्टरांना ‘आय स्टॉप्ड टेकिंग द टॅब्लेट्स’ असे सांगितले, तर त्याने गोळ्या घेणे बंद केले असा अर्थ होतो; ‘आय स्टॉप्ड टू टेक द टॅब्लेट्स’ याचा अर्थ तो गोळ्या घेण्यासाठी थांबला, असा होतो. मराठी भाषक पहिला अर्थ मनात धरून दुसरे वाक्य बोलण्याचा संभव असतो.

अशा बहुतेक जोड्यांतील भेद मराठीत वेगळ्या रूपांनी व्यक्त होतो:

• स्टॉप: ‘स्टॉप्ड टू टॉक’ – बोलण्यासाठी थांबला, ‘स्टॉप्ड टॉकिंग’ – बोलायचे थांबवले.
• फरगेट: ‘आय फरगॉट टू लॉक द डोअर’ – दाराला कुलूप लावायला विसरलो, ‘आय विल नेव्हर फरगेट सीइंग द सी’ – समुद्र पाहिल्याचे कधी विसरणार नाही.
• रिमेम्बर: ‘रिमेम्बर टू बाय अ तिकीट’ – तिकीट काढायचे लक्षात ठेव, ‘आय रिमेम्बर बाइंग अ तिकीट’ – तिकीट काढल्याचे आठवते.
• ट्राय: ‘ट्राइड टू ओपन द विंडो’ – खिडकी उघडण्याचा प्रयत्न केला, ‘ट्राइड ओपनिंग द विंडो’ – (वारा येतो का म्हणून) खिडकी उघडून पाहिली.
• रिग्रेट: ‘आय रिग्रेट टू से’ – सांगण्यास खेद वाटतो, ‘आय रिग्रेट सेइंग’ – बोलल्याबद्दल खेद वाटतो.
• गो ऑन: ‘वेन्ट ऑन टू स्पीक’ – (एक गोष्ट संपवून) पुढे बोलू लागला, ‘वेन्ट ऑन स्पीकिंग’ – बोलतच राहिला.

या यादीत एकदाही केवळ ‘-णे’ रूप आलेले नाही. ‘लावायला’ आणि ‘पाहिल्याचे’, ‘प्रयत्न केला’ आणि ‘उघडून पाहिली’ हे भेद मराठी भाषक न शिकता पाळतो. त्यामुळे निवड करताना कोशातील ‘-णे’ऐवजी आपण मराठीत प्रत्यक्ष बोलू ते वाक्य आधार म्हणून घेणे अधिक उपयुक्त ठरते.

क्रियेचा कर्ता

जेरंडचा कर्ता औपचारिक इंग्रजीत षष्ठीत येतो: ‘हिज कमिंग लेट अनॉइड द टीचर’ (त्याचे उशिरा येणे शिक्षकांना खटकले). इन्फिनिटिव्हचा कर्ता ‘फॉर’ने दाखवला जातो: ‘इट इज नेसेसरी फॉर हिम टू कम ऑन टाइम’ (त्याने वेळेवर येणे आवश्यक आहे). मराठीत ‘येणे’ दोन्हीकडे तेच असले, तरी ‘त्याचे’ आणि ‘त्याने’ यांतून हाच भेद उमटतो.

‘वॉन्ट’नंतर दुसऱ्याने करायची क्रिया असल्यास कर्म आणि इन्फिनिटिव्ह येते. ‘त्याने यावे अशी माझी इच्छा आहे’ हे ‘आय वॉन्ट हिम टू कम’ असे होते. ‘आय वॉन्ट दॅट ही शुड कम’ हा मराठी रचनेचा शब्दशः अनुवाद आहे. याउलट ‘सजेस्ट’नंतर ‘हिम टू कम’ चालत नाही. तेथे ‘सजेस्टेड दॅट ही कम’ अशी रचना लागते.

नकार, काळ आणि प्रयोग

दोन्ही रूपांचा नकार ‘नॉट’ आधी ठेवून होतो: ‘नॉट टू गो’, ‘नॉट गोइंग’. पूर्ण झालेली क्रिया ‘टू हॅव गॉन’ व ‘हॅविंग गॉन’, तर कर्मणी अर्थ ‘टू बी कॉल्ड’ व ‘बीइंग कॉल्ड’ या रूपांनी दाखवतात. ‘नीड’नंतरच्या जेरंडला मात्र आपोआप कर्मणी अर्थ येतो: ‘द फॅन नीड्स रिपेअरिंग’ म्हणजे पंखा दुरुस्त करायला हवा.

नेहमी आढळणाऱ्या चुका

प्रेपोझिशन ‘टू’. इन्फिनिटिव्हची खूण असलेला ‘टू’ आणि प्रेपोझिशन असलेला ‘टू’ यांत गल्लत होते. ‘लुक फॉरवर्ड टू’, ‘ऑब्जेक्ट टू’, ‘बी यूज्ड टू’ यांत ‘टू’ प्रेपोझिशन आहे, म्हणून पुढे जेरंड येते. नोकरीच्या अर्जांत आढळणारे ‘लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू’ हे वाक्य ‘लुकिंग फॉरवर्ड टू मीटिंग यू’ असे हवे. ओळखण्याची खूण सोपी आहे: ‘टू’नंतर ‘इट’ ठेवून वाक्य जुळत असेल (‘लुकिंग फॉरवर्ड टू इट’), तर तो प्रेपोझिशन असतो.

‘यूज्ड टू’ची दोन रूपे. ‘आय यूज्ड टू ट्रॅव्हल फ्रॉम बोरिवली’ म्हणजे मी पूर्वी बोरिवलीहून प्रवास करत असे. ‘आय ॲम यूज्ड टू ट्रॅव्हलिंग इन अ क्राउड’ म्हणजे मला गर्दीत प्रवास करण्याची सवय आहे.

आवडीची क्रियापदे. ‘मला पोहायला आवडते’ यातील ‘पोहायला’वरून ‘आय एन्जॉय टू स्विम’ असे वाक्य तयार होते. ‘लाइक टू स्विम’ शुद्ध असले, तरी ‘एन्जॉय’नंतर ‘स्विमिंग’च हवे. मराठी रूपावरून निवड करण्याची पद्धत येथे उपयोगी पडत नाही.