पावणेअकरा कोटींचा पालघरकर

12 फेब्रुवारी 2022 रोजी बेंगळुरूच्या लिलावात दिल्ली कॅपिटल्सने शार्दूल ठाकूरला 10 कोटी 75 लाख रुपयांना विकत घेतलं. पुढचा मोठा लिलाव नोव्हेंबर 2024 मध्ये जेद्दाला झाला. तिथे शार्दूलची मूळ किंमत 2 कोटी होती. त्याचं नाव पुकारलं गेलं आणि दहापैकी एकाही संघाने बोली लावली नाही. मधे पावणेतीन वर्षं गेली होती. माणूस तोच आणि गावही तेच, पालघर.

आमच्याकडे बोईसरला या गोष्टीवर अजून वाद होतो. चहाच्या टपरीवर, एमआयडीसीच्या बसमध्ये, जुम्याच्या नमाजनंतर मशिदीबाहेर चपला शोधताना. एक पक्ष म्हणतो, दिल्लीवाले फसले, एवढ्या पैशाचा हा खेळाडू कधीच नव्हता. दुसरा पक्ष म्हणतो, गाव-खेड्यातला आहे म्हणून टाकला, मुंबईचा असता तर ठेवला असता. मी शाळेत इतिहास शिकवतो, त्यामुळे माझ्याकडे कोणी निकाल मागत नाही. पण मला वाटतं, खेळाडू "तेवढ्या किमतीचा" आहे का, हा प्रश्न आपल्याकडे सव्वाशे वर्षांचा आहे आणि त्याची उत्तरं पाहिली तर आजचा वाद जरा वेगळा दिसतो.

सुरुवात पाळवणकर बाळूंपासून करावी लागेल. चर्मकार घरातला हा मुलगा एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पुण्यात पारशांच्या क्रिकेट क्लबात खेळपट्टी झाडायला आणि रोलर फिरवायला लागला. पगार महिना 3 रुपये. पुढे युरोपियनांच्या पूना क्लबात 4 रुपये झाला. तिथे जाळी बांधायची, खेळपट्टी आखायची आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकायचे. बाळूंनी बाद केल्यास कॅप्टन ग्रेग त्यांना प्रत्येक वेळी आठ आणे देत असे, असं सांगतात. म्हणजे त्या काळच्या सर्वोत्तम डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाचा भाव एका बळीला आठ आणे. 1911 मध्ये हाच माणूस भारतीय संघाबरोबर इंग्लंडला गेला आणि 114 बळी घेऊन आला. तरीही हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना मिळालं नाही. कारण काय, ते सांगायची गरज नाही. इथे किंमत ठरवणारी गोष्ट गोलंदाजी नव्हतीच.

नंतर राजेरजवाड्यांचा काळ आला. होळकरांच्या पदरी सी. के. नायडू आणि मुश्ताक अली होते, दोघांनाही फौजेत हुद्दे होते. पगार फौजेचा, काम क्रिकेटचं. संस्थानं गेली तशी ही जागा कंपन्यांनी घेतली. बापू नाडकर्णी एसीसीत, अजित वाडेकर स्टेट बँकेत, सुनील गावसकर निरलॉनमध्ये. आमच्या अब्बांच्या पिढीला क्रिकेटपटूची किंमत विचारली असती तर त्यांनी सांगितलं असतं, "बँकेत चिकटलाय." यापेक्षा मोठं काही त्यांना सुचलं नसतं.

पण "करार की देश" हा पेच त्याही काळात होता. 1952 मध्ये विनू मंकड यांना लँकेशायर लीगमधल्या हॅसलिंग्डन क्लबाचं आमंत्रण आलं. त्याच उन्हाळ्यात भारतीय संघ इंग्लंडला जाणार होता. मंकड म्हणाले, माझी निवड नक्की आहे एवढं सांगा, मी क्लबाला नकार कळवतो. बोर्डाने शब्द दिला नाही. मंकडांनी करार केला. पहिल्या कसोटीत भारताची वाताहत झाली आणि मग बोर्डाने त्यांना क्लबाकडून मागून आणलं. लॉर्ड्सवर मंकडांनी 72 आणि 184 धावा केल्या, इंग्लंडच्या पहिल्या डावात 73 षटकं टाकून 196 धावांत 5 बळी घेतले. सामना इंग्लंडने 8 गडी राखून जिंकला, पण लोकांनी तो मंकडांचा सामना म्हणून लक्षात ठेवला. ज्याला खात्री द्यायलाही बोर्ड तयार नव्हतं, तो काही आठवड्यांत अनमोल झाला. माणूस बदलला नव्हता, गरज बदलली होती.

1983 चा विश्वचषक जिंकल्यावर बोर्डाकडे बक्षीस द्यायला पैसे नव्हते. लता मंगेशकरांनी दिल्लीत गाण्याचा कार्यक्रम केला आणि त्यातून प्रत्येक खेळाडूला एक लाख रुपये मिळाले. पंचवीस वर्षांनी, 20 फेब्रुवारी 2008 ला मुंबईत आयपीएलचा पहिला लिलाव झाला आणि धोनी 15 लाख डॉलरला गेला. कोण किती कमावतो हे तोपर्यंत कुजबुजीने बोललं जायचं. त्या दिवसापासून ते हातोडा आपटून सांगितलं जाऊ लागलं. आकडा उघडा झाला की प्रत्येक जण हिशेबनीस होतो.

तर आपणही हिशेब मांडू. 2021 च्या दरांनुसार वीसपेक्षा कमी सामने खेळलेल्या रणजीपटूला दिवसाला 40,000 रुपये मिळायचे, म्हणजे चार दिवसांच्या सामन्याचे 1 लाख 60 हजार. पावणेअकरा कोटी मिळवायला त्याला साधारण 672 सामने खेळावे लागतील. हंगामात दहा सामने धरले तर सदुसष्ट वर्षं. कसोटी सामन्याची फी 15 लाख, त्या हिशेबाने सुमारे 72 कसोट्या. शार्दूल 2025 च्या इंग्लंड दौऱ्यापर्यंत 13 कसोट्या खेळला आहे.

आणि त्या तेरांत त्याने काय केलं? जानेवारी 2021, ब्रिस्बेन. भारत 6 बाद 186. शार्दूल आणि वॉशिंग्टन सुंदर यांनी 123 धावांची भागीदारी केली, शार्दूलच्या 67. शिवाय दोन डावांत मिळून 7 बळी. त्या वर्षी ओव्हलवर 57 आणि 60. जानेवारी 2022 मध्ये जोहान्सबर्गला 61 धावांत 7 बळी, दक्षिण आफ्रिकेत कुठल्याही भारतीय गोलंदाजाची ती सर्वोत्तम कामगिरी. ब्रिस्बेनच्या त्या डावासाठी कुठल्याही संघमालकाने एक रुपयाही दिलेला नाही.

हा मुलगा शिकला कुठे, हे आमच्या भागात सगळ्यांना माहीत आहे. पालघरच्या आनंदाश्रम शाळेत आणि मग बोईसरच्या तारापूर विद्या मंदिरात. वडील शेतकरी. बोरिवलीच्या स्वामी विवेकानंद शाळेचे प्रशिक्षक दिनेश लाड, जे रोहित शर्माचेही गुरू, त्यांनी त्याला हेरलं आणि स्वतःच्या घरी राहायला ठेवून घेतलं. 2006 मध्ये हॅरिस शील्डच्या सामन्यात त्याने एका षटकात सहा षटकार मारले. लक्षात घ्या, त्या वेळी पालघरला लोकल येत नव्हती. विरारच्या पुढे डहाणू रोडपर्यंत लोकल सुरू झाली ती एप्रिल 2013 मध्ये. त्याआधी पॅसेंजर आणि शटल, चुकली तर दिवस गेला. किटबॅग घेऊन त्या डब्यात उभं राहणं काय असतं, हे सफाळे-केळवे रोडच्या दूधवाल्या-भाजीवाल्यांना विचारा. म्हणूनच 2018 साली दक्षिण आफ्रिकेहून परतल्यावर शार्दूलने अंधेरीहून लोकल पकडून पालघर गाठलं, तेव्हा मुंबईच्या पत्रकारांना नवल वाटलं. आमच्याकडे नाही वाटलं. घरी जायचं तर गाडीच पकडणार.

आता मूळ वादाकडे. दिल्लीने 2022 मध्ये 90 कोटींच्या थैलीतले जवळजवळ बारा टक्के या एका माणसावर लावले. बदल्यात 14 सामन्यांत 15 बळी, षटकामागे साडेनऊहून जास्त धावा आणि फलंदाजीत 120 धावा. संघ बाद फेरीच्या दारात थांबला. हंगाम संपल्यावर त्यांनी त्याला कोलकात्याला देऊन टाकलं. कोलकात्यासाठी एप्रिल 2023 मध्ये ईडन गार्डन्सवर त्याने बेंगळुरूविरुद्ध 29 चेंडूंत 68 धावा केल्या, संघ 5 बाद 89 वरून 204 वर गेला. ती रात्र सोडली तर हंगामात 7 बळी. माझं मत विचाराल तर, त्या दोन हंगामांपुरते पावणेअकरा कोटी जास्त होते. आपल्या गावचा आहे म्हणून आकडे झाकता येत नाहीत.

पण एवढी बोली लागली कशी, ते पाहिलं पाहिजे. आयपीएलच्या अकरांत चारच परदेशी खेळाडू चालतात. वेगवान गोलंदाजी करणारा आणि आठव्या क्रमांकावर बॅट चालवणारा भारतीय हाताच्या बोटांवर मोजण्याइतका. 2021 मध्ये चेन्नई विजेती ठरली तेव्हा शार्दूलचे 21 बळी होते. टंचाई होती, भाव चढला. कांद्यासारखंच. मग 2023 मध्ये "इम्पॅक्ट प्लेयर"चा नियम आला. सामन्याच्या मधेच एक फलंदाज काढून गोलंदाज आणता येऊ लागला. ज्याला दोन्ही थोडं थोडं येतं, त्याची गरजच कमी झाली. अष्टपैलूंचं यात नुकसान होतं, असं रोहित शर्मा 2024 मध्ये उघड बोलला. म्हणजे शार्दूलचं कसब उतरलं त्याहून जास्त वेगाने त्याच्या जागेचा भाव उतरला. त्यात 2024 ला चेन्नईकडून 9 सामन्यांत 5 बळी आणि जूनमध्ये पायाची शस्त्रक्रिया. जेद्दाची शांतता तिथे तयार झाली.

अमेरिकेतल्या फुटबॉलमध्ये हाच वाद "रनिंग बॅक"वरून चालतो. चेंडू छातीशी धरून समोरच्या गर्दीत घुसणारा हा गडी. दर आठवड्याला धडका खाऊन त्याचं शरीर लवकर झिजतं, म्हणून संघ म्हणतात, मोठा करार कशाला, दुसरा तरुण स्वस्तात मिळेल. न्यूयॉर्क जायंट्सने सक्वॉन बार्कलीला असंच जाऊ दिलं. 2024 मध्ये फिलाडेल्फिया ईगल्सने त्याला तीन वर्षांसाठी 3 कोटी 77 लाख डॉलरचा करार दिला. त्याच हंगामात तो 2,005 यार्ड धावला आणि संघाने सुपर बोल जिंकला. तिथे त्याच्यापुढे वाट मोकळी करणारे भक्कम गडी होते, न्यूयॉर्कला नव्हते. किंमत एकट्याची लागते, खेळ एकट्याचा नसतो. मिचेल स्टार्कचं घ्या. कोलकात्याने 2024 साठी त्याला 24 कोटी 75 लाख दिले, साखळी सामन्यांत त्याने मार खाल्ला, लोकांनी चेष्टा केली. मग पहिल्या पात्रता सामन्यात 3 बळी, अंतिम सामन्यात 14 धावांत 2 आणि चषक. दोन रात्रींत पैसे फिटले.

शार्दूल जेद्दानंतर रणजी खेळायला गेला. 2024-25 च्या त्या हंगामात 35 बळी आणि 505 धावा. जम्मू-काश्मीरविरुद्ध मुंबई हरली, पण दुसऱ्या डावात सगळे कोसळत असताना याचं शतक झालं, 119. मेघालयविरुद्ध हॅटट्रिक. हे सामने चालू असताना त्याला झहीर खानचा फोन आला. झहीर तेव्हा लखनौ सुपर जायंट्सचा मार्गदर्शक होता. कोणी जखमी झालं तर तुला बोलावू, तयारी सोडू नकोस, असा त्या बोलण्याचा आशय शार्दूलने नंतर सांगितला.

या फोनवर थोडं थांबायला हवं. झहीर श्रीरामपूरचा. तोही रेल्वेने मुंबईला येऊन खेळाडू झालेला. त्याचाही लिलावाच्या बाजारात उलटा-सुलटा प्रवास झाला: बेंगळुरू, मग अदलाबदलीत मुंबई, 2011 च्या लिलावात पुन्हा बेंगळुरू, 9 लाख डॉलर. त्यानंतर अवघ्या काही आठवड्यांत त्याने विश्वचषकात 21 बळी घेतले. ज्याने स्वतःवर लागलेले भाव वर-खाली होताना पाहिले, त्याला न विकल्या गेलेल्या माणसाकडे फोन करावासा वाटला. आपल्या वाचकांपैकी अनेकांना झहीर "आपला" म्हणून आवडतो. मला या फोनसाठी जास्त आवडतो.

मार्च 2025 मध्ये मोहसिन खान जखमी झाला आणि शार्दूल 2 कोटींत लखनौला गेला. 27 मार्चला हैदराबादविरुद्ध 34 धावांत 4 बळी, आयपीएलमधले 100 बळी त्याच सामन्यात पूर्ण झाले. पुढे मारही बराच बसला, हंगामअखेर 13 बळी. 120 कोटींच्या थैलीतून 2 कोटी दिले होते, त्यामुळे कोणी तोंड वाकडं केलं नाही. दिल्लीतले 15 बळी महाग ठरले आणि लखनौतले 13 स्वस्त.

हे सगळं मी लिहितोय त्याला एक घरचं कारण आहे. माझा भाचा चौदा वर्षांचा आहे, वेगवान गोलंदाजी करतो, बरी करतो. एका अकादमीने त्याला मुंबईत ठेवायचा वर्षाचा जो आकडा सांगितला, तो दुल्हाभाईंच्या कारखान्यातल्या वर्षभराच्या पगाराहून मोठा आहे. बहीण बांगड्या विकायला तयार झाली. घरात सगळे पावणेअकरा कोटींचं नाव घेत होते. मी त्यांना ते 672 सामने मांडून दाखवले. दिल्लीचं चुकलं तर त्यांचे बारा टक्के गेले, पुढच्या वर्षी थैली पुन्हा भरली. आमच्या घरी थैली एकच. आणि शार्दूलला बोरिवलीत राहायला जागा एका शिक्षकाने दिली होती, ती विकत घेतलेली नव्हती. भाचा रागावला. "मामू, तुम्हाला क्रिकेट कळत नाही," म्हणाला. कदाचित खरं असेल.

शेवटी ठरलं ते असं: बांगड्या राहतील, दहावी बोईसरलाच होईल आणि आठवड्यातून तीन दिवस तो लोकलने विरारला सरावाला जाईल. पास काढला आहे. ऑक्टोबर 2025 मध्ये शार्दूल मुंबईच्या रणजी संघाचा कर्णधार झाला आणि पुढच्याच महिन्यात मुंबई इंडियन्सने त्याला लखनौकडून त्याच 2 कोटींत घेतलं, ही बातमी भाच्यानेच मला मोबाइलवर पाठवली. खाली एक शब्दही लिहिला नव्हता.