तळटीप : क्रोमियम सल्फाइड ब्रोमाइड

* संक्रमणी धातू, गंधकाच्या गटातले मूलद्रव्य आणि हॅलोजन असे तिघे एकाच स्फटिकात नांदतात, त्या कुळातले हे संयुग. १९६० च्या दशकापासून ते माहीत असले, तरी त्याचा बोलबाला झाला तो अलीकडे.

हे बनते क्वार्ट्‌झच्या छोट्याशा नळीत. त्यात क्रोमियमची पूड, गंधक आणि ब्रोमीन घालतात. ब्रोमीन ५९ अंश सेल्सिअसलाच उकळते, म्हणून नळीचा तळ द्रवरूप नायट्रोजनने गोठवायचा, हवा काढायची आणि तोंड वितळवून बंद करायचे. मग भट्टीत एक टोक सुमारे ९५० अंशांवर, दुसरे त्याहून थंड. काही दिवसांनी काळे, चकचकीत, लांबट स्फटिक हाती येतात.

अभ्रकासारखे त्यांचे पापुद्रे चिकटपट्टीने सोलता येतात. उणे १४१ अंशांखाली एका पापुद्र्याचे चुंबकत्व ज्या दिशेला, त्याच्या नेमके उलट शेजारच्याचे.

अशाच दुसऱ्या थरांच्या चुंबकीय पदार्थाचे, क्रोमियम ट्राय-आयोडाइडचे, पातळ थर उघड्या हवेत चटकन बिघडतात. हे मात्र टिकते, शिवाय अर्धवाहकही आहे. संशोधकांचा ओढा त्यामुळेच.